विमआरसी बनवली आणि कोडचे रंगच गायब

अर्धाकोडर
लोकहो जरा मदत करा. लॅपटॉपवर लिनक्स आहे, कोड लिहायला विम हा एडिटर, व्हर्जन ९.१. आतापर्यंत काहीही सेटिंग न करता पायथनची फाईल उघडली की कीवर्ड, स्ट्रिंग, कमेंट सगळं वेगवेगळ्या रंगात दिसायचं. काल लाईन नंबर हवे होते म्हणून होम डिरेक्टरीत डॉट विमआरसी (विमच्या सेटिंग्जची फाईल) बनवली, आत एकच ओळ, सेट नंबर. नंबर आले पण रंग गेले, अख्खी फाईल पांढरीफटक. आणि फाईल परत उघडली की कर्सर मागच्या वेळी सोडला होता त्या ओळीवर जायचा, तेही बंद पडलंय. एका ओळीने एवढं सगळं कसं काय बिघडू शकतं? ती फाईल उडवली की सगळं पुन्हा जागेवर येतं, हे तर अजूनच डोक्यावरून गेलं.

कर्सरराव
सिंटॅक्स ऑन अशी एक ओळ टाक खाली, सेव्ह कर, विम बंद करून उघड. संपला विषय.

टर्मिनलकर
रंग येतील त्याने, पण कर्सरचं तसंच राहील, कारण मूळ भानगड वेगळी आहे. विम ८ पासून (२०१६) त्याच्यासोबत डिफॉल्ट्स डॉट विम नावाची फाईल येते. तुमची स्वतःची विमआरसी सापडली नाही तरच विम ती वाचतो. सिंटॅक्सचे रंग, फाईलटाईप ओळखणं, सर्च टाईप करता करता मॅच दाखवणं, कर्सर जुन्या ओळीवर नेणं, हे सगळं त्या फाईलमधून येत होतं. तू स्वतःची विमआरसी ठेवलीस, भले एका ओळीची का असेना, की विम म्हणतो आता तुमचं तुम्ही बघा, आणि डिफॉल्ट्सला हातही लावत नाही. म्हणजे सेट नंबरचा काही दोष नाही, फाईल रिकामी असती तरी हेच झालं असतं.

खात्री करायची तर टर्मिनलमध्ये विम, स्पेस, दोन डॅश क्लीन आणि फाईलचं नाव असं देऊन उघड. त्यात तुझी विमआरसी बाजूला राहते आणि डिफॉल्ट्स लोड होतात. तिथे रंग दिसले म्हणजे विम ठणठणीत आहे, टर्मिनलही ठीक आहे.

उपाय म्हणजे विमआरसीच्या अगदी वर सोर्स, स्पेस, डॉलर विमरनटाईम (सगळी कॅपिटल अक्षरं), स्लॅश, डिफॉल्ट्स डॉट विम ही ओळ टाक आणि तुझ्या सेटिंग्ज त्याच्या खाली लिही. वरच का, तर जे नंतर वाचलं जातं तेच टिकतं, खाली टाकलीस तर डिफॉल्ट्स तुझंच सेटिंग पुसून टाकू शकतात.

कर्सरराव
मला ते डिफॉल्ट्स नाही आवडत बुवा. माऊस चालू करून ठेवतात, मग टर्मिनलमधून सिलेक्ट करून कॉपी करायला गेलं की विम स्वतःच्या सिलेक्शनच्या मोडमध्ये (व्हिज्युअल मोड) शिरतो. आपण आपल्याला हव्या त्या चार ओळी लिहाव्यात, फाईलमध्ये काय आहे ते तरी माहीत असतं.

टर्मिनलकर
मग सोर्सच्या खाली सेट माऊस आणि बरोबरचं चिन्ह लिहून पुढे काहीच टाकायचं नाही, माऊस बंद. किंवा शिफ्ट दाबून सिलेक्ट करा, बहुतेक टर्मिनलमध्ये चालतं. नवीन माणसाला डिफॉल्ट्सच बरे.

अर्धाकोडर
वा, सोर्सची ओळ टाकली, रंग आले, कर्सरही आला, धन्यवाद दादा. पण आता नवीनच लफडं, हीच विमआरसी सर्व्हरवर (डेबियन) कॉपी केली, खाली सिंटॅक्स ऑनही लिहिलं होतं, आणि तिथे व्हीआय ही कमांड देऊन फाईल उघडली की सुरुवातीलाच ई३१९ एरर येते, कमांड या व्हर्जनमध्ये उपलब्ध नाही म्हणे. शिवाय माझी एक कॉन्फिग फाईल आहे जिला एक्स्टेन्शनच नाही, ती लॅपटॉपवरसुद्धा बिनरंगाची दिसते.

फाईलटाईप_फॅन
सर्व्हरवर विम टायनी, म्हणजे विमची छोटी आवृत्ती असणार. डेबियनच्या साध्या इन्स्टॉलमध्ये व्हीआय म्हटलं की तोच उघडतो आणि त्यात सिंटॅक्सचा भागच घातलेला नसतो. विममध्ये कोलन व्हर्जन दे आणि यादीत सिंटॅक्स शोध, त्या शब्दाच्या आधी मायनस असेल तर विमआरसीत काहीही लिही, रंग येणार नाहीत. रूट (अ‍ॅडमिनचे अधिकार) असेल तर विम नावाचं पूर्ण पॅकेज टाक. नसेल तर नुसती एरर घालवायला सोर्स आणि सिंटॅक्सच्या ओळी इफ १ आणि एंडइफ यांच्या मध्ये ठेव. टायनीला इफ समजतच नाही, तो एंडइफपर्यंतचं सगळं कमेंटसारखं सोडून देतो, मोठा विम मात्र व्यवस्थित वाचतो. मग एकच फाईल दोन्हीकडे चालते.

बिनएक्स्टेन्शनच्या फाईलचं वेगळं. ती उघडून कोलन सेट फाईलटाईप आणि लगेच प्रश्नचिन्ह दे. उत्तरात बरोबरच्या चिन्हापुढे काहीच नसेल तर विमला ही कुठली भाषा तेच कळलेलं नाही, मग रंग कशाचे देणार. सेट फाईलटाईप बरोबर कॉन्फ करून बघ, हॅशच्या कमेंट लगेच वेगळ्या दिसतील. आणि हो, विमआरसीत स्वतः कमेंट लिहिताना हॅश वापरू नकोस, तिथे ओळीच्या सुरुवातीला डबल कोट लागतो, नाहीतर ई४८८ घेऊन परत इथेच येशील 😄

अर्धाकोडर
व्हर्जनमध्ये मायनस सिंटॅक्सच आहे. रूट नाहीये माझ्याकडे, इफ १ वालं केलं, एरर गेली. कॉन्फ पण चाललं, पण फाईल उघडली की दरवेळी द्यावं लागतंय, ते कायमचं कसं करू?

फाईलटाईप_फॅन
विमआरसीत ऑटोसीएमडी, मग बफरीड स्वल्पविराम बफन्यूफाईल, मग फाईलचं नाव, मग सेट फाईलटाईप बरोबर कॉन्फ, सगळं एकाच ओळीत. स्वल्पविरामानंतर स्पेस सोडू नकोस.