मदत हवी आहे: थेट प्रक्षेपणात सहनिवेदिकेचा तानपुरा विरून जातो

खर्ज: रविवारी आमच्या रागचर्चेचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण आहे. मी पुण्यात, सहनिवेदिका मेलबर्नला. तिचे बोलणे स्वच्छ ऐकू येते. परंतु तानपुरा लावून ती स्वर समजावू लागली की दोन-तीन सेकंदांत तानपुरा विरतो आणि नुसता गळा उरतो. तिने ध्वनिमुद्रण वाजवले तर चित्र दिसते, आवाज येत नाही. मायक्रोफोन बदलून झाला. कृपया लवकर सांगावे.

वाटसरू: तिला प्रक्षेपणात कशाने आणता? हेडफोन आहेत का? ध्वनिमुद्रण कशात वाजते?

खर्ज: ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीडीओ निंजाचा (ब्राउझरमधून चित्र-आवाज पाठवणारी सेवा) दुवा ब्राउझर सोर्स, म्हणजे वेबपान दाखवणारा स्रोत, म्हणून घेतला आहे. तिच्याकडे स्पीकर आहेत. ध्वनिमुद्रण व्हीएलसी या प्लेअरमध्ये वाजते आणि ती तीच विंडो शेअर करते.

नभ: हे सारे सोडून स्ट्रीमयार्ड ही थेट प्रक्षेपणाची सेवा घ्या. माझे कार्यक्रम त्यावर विनातक्रार होतात.

वाटसरू: आपल्या कार्यक्रमांत तानपुरा असतो का? सलग, एकसारखा चालणारा ध्वनी म्हणजे पंख्याची घरघर, असे समजून गोंगाट कमी करणारी यंत्रणा तो गाळते, आणि तानपुऱ्याचा तर प्राणच त्या सलगपणात आहे. साधन बदलले तरी ही यंत्रणा बंद करावीच लागेल. झूममध्येही त्यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ची वेगळी सोय आहे. खर्ज, तिच्या दुव्याच्या शेवटी ‘&प्रोऑडिओ’ रोमन लिपीत जोडा. त्याने प्रतिध्वनी रोखणारी यंत्रणाही बंद होते, म्हणून हेडफोन अनिवार्य.

नभ: हेडफोन घालून गाणारा बेसूर होतो.

वाटसरू: एक कान मोकळा ठेवावा. स्पीकर चालू राहिले तर पुण्याचा आवाज मेलबर्नहून परत येईल. ध्वनिमुद्रणाची फाइल क्रोमच्या टॅबमध्ये ओढून टाका, विंडोऐवजी तो टॅब शेअर करा आणि टॅबचा आवाज देण्याची खूण तपासा.

कंदील: दिवा कॅमेऱ्याच्या मागे, डोळ्यांच्या किंचित वर ठेवा, चेहरा काळवंडत नाही.

खर्ज: आभार, परंतु प्रकाशाची अडचण नाही. आज चाचणी घेतली. तानपुऱ्याची खर्जाची तार शेवटपर्यंत ऐकू आली, ध्वनिमुद्रणही आले. मात्र ते तिच्या बोलण्यावर चढते. दोन्हींची पातळी मला वेगवेगळी ठेवता येईल का?

वाटसरू: येईल. व्हीडीओ निंजाच्या रूममध्ये (सामायिक कक्षात) तिचा शेअर केलेला टॅब स्वतंत्र प्रवाह म्हणून येतो. त्याचा दुवा दुसऱ्या ब्राउझर सोर्समध्ये टाका आणि दोन्ही सोर्सना ‘आवाज ओबीएसमधून नियंत्रित करा’ ही खूण करा, म्हणजे मिक्सरमध्ये दोन स्वतंत्र पट्ट्या दिसतील.