विषय: परदेशी स्वयंसेवक म्हणून जायचंय, तिथे काय वाट्याला येतं?

नमस्कार मंडळी,

वर्षभराची रजा मंजूर झाली आहे. परक्या देशात शिकवण्याच्या कामासाठी स्वयंसेवक म्हणून जायचा विचार आहे. लस, व्हिसा, विमा यांच्या याद्या कुठेही मिळतात. पण तिथल्या माणसांत वावरताना काय होतं, हे कुणी धड सांगत नाही. अनुभवी लोकांनी लिहावं ही विनंती.

– ऋ. दे.

---

उत्तर:

याद्यांनाही नाक मुरडू नकोस गं. पीतज्वराच्या लशीचा दाखला लस टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतो. शेवटच्या आठवड्यात धावाधाव करून भागत नाही. असो.

पहिले काही महिने तुझा फारसा उपयोग होणार नाही, हे धरूनच निघ. अमेरिकेच्या पीस कोअर या सरकारी स्वयंसेवक संस्थेत (स्थापना १९६१) साधारण २७ महिन्यांचा कालावधी असतो आणि त्यातले पहिले तीन निव्वळ प्रशिक्षणात जातात. भाषा शिकायची, रीतीभाती समजून घ्यायच्या, बहुतेक वेळा स्थानिक कुटुंबात राहायचं. तुझ्याकडे एकच वर्ष आहे. तेव्हा नवा प्रकल्प उभा करायचं डोक्यातून काढ आणि तिथे आधीच काम करणाऱ्या शिक्षकाच्या हाताखाली लाग.

सगळ्यात दमवतं ते होकाराचं गणित. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात ‘कल्चर शॉक’वर मांडणी केली. त्याचं म्हणणं असं, की रोजच्या ओळखीच्या खुणा हरवल्या की माणूस बावरतो. कधी बोलणं मनावर घ्यायचं आणि कधी नाही, हेही कळेनासं होतं. बैठकीत तू विचारशील, “सगळ्यांना पटलं ना?” सगळे मान डोलावतील. दुसऱ्या दिवशी कुणी फिरकणार नाही. यात लबाडी नसते. चारचौघांत पाहुणीला नाही म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटलेलं असतं, किंवा ज्या वडीलधाऱ्याचा शब्द चालतो त्याला तू विचारलेलंच नसतं. म्हणून हो-नाहीचा प्रश्न टाळ. “हे कोण करेल, कधी करेल, कुठे अडेल?” असं विचार, आणि तेही बैठकीआधी, एकेकट्याला गाठून.

पैशाचं म्हणशील तर तू स्वतःला कितीही फाटकी समजलीस तरी तिथे श्रीमंतच दिसशील. उसने मागणारे भेटतील. संस्थेचा नियम आधीच विचारून ठेव; पहिल्याच माणसाला दिलंस की पुढच्यांना नाही म्हणणं जड जातं.

आणि हो, दार लावून एकटीने वाचत बसलीस तर यजमानांना तू आजारी किंवा रुसलेली वाटशील. ओट्यावर बसून वाच.

– वि. ग.

---

उत्तर:

काकांनी लिहिलं त्याला माझं अनुमोदन, पण माझ्या मते खरी पारख निघण्याआधीच करावी लागते. तुला बोलावलंय कुणी? तिथल्या शाळेने शिक्षक मागितलाय, की मधल्या कंपनीने तुला पॅकेज विकलंय? भरलेली फी कुठे जाते ते लेखी माग. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७०चा. तो फी घेत नाही, उलट निर्वाहभत्ता देतो. सगळ्याच संस्थांना ते परवडणार नाही, पण फी भरूनच जावं लागतं हा समज मात्र चुकीचा.

अनाथाश्रमातली दोन-चार आठवड्यांची स्वयंसेवा तर साफ टाळ. तिथल्या पुष्कळ मुलांचे आई-वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या पैशामुळे काही ठिकाणी मुलं मुद्दाम आणून ठेवली जातात. शिवाय जीव लावणारं माणूस दर महिन्याला निघून गेलं तर त्या पोरांचं काय होत असेल? २०१९च्या संयुक्त राष्ट्र महासभेच्या बालहक्क ठरावात अशा स्वयंसेवेतून होणाऱ्या हानीचा उल्लेख आहे. मुलांमध्ये काम असूनही जी संस्था पोलीस पडताळणी मागत नाही, तिच्या वाटेला जाऊ नकोस.

– सु. ना.

---

उत्तर:

काका, ताई, मनापासून आभार. दोन संस्थांना विचारलं, तुमच्या तिथल्या शिक्षकांशी थेट बोलता येईल का? एकीने परत माहितीपत्रकच धाडलं. दुसरीने एका शिक्षिकेशी फोन जोडून दिला. त्यांनी इंग्रजीचे तास नकोत म्हणून सांगितलं; त्यांना हवंय पाचवीच्या गणिताला कुणीतरी, आणि तेही सत्राच्या सुरुवातीपासून. रजेची तारीख पुढे ढकलता येते का ते ऑफिसात बघते.

– ऋ. दे.