चालायला लागल्यावर काय फरक पडला? कोल्हापूरकरांनो, लिहा बघू

मंडळी, वर्षाखाली आईची शुगर वाढली, डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर रोज चालायला सांगितलं. आई म्हणायची जाते की रंकाळ्यावर, पण जायची आठवड्यातनं एकदा कसंबसं, खोदून विचारलं तर म्हणाली एकटीला कसंतरी वाटतं रे. मग मी पण उठायला लागलो. रंकाळा टॉवरपासून शालिनी पॅलेसच्या बाजूनं आम्ही दोघं जातो, पहिल्या महिन्यात ती चारदा कट्ट्यावर टेकायची, आता माझ्याच पुढं असते. तुमचं पण लिहा, लहानसं असलं तरी चालेल, वाचून एखादा तरी उठेल.

*

माझी पण शुगरच. जेवलं की टीव्हीसमोर बसायची सवय मोडली आणि रात्री गल्लीतच पंधरा मिनिटं फिरायला लागलो. जेवणानंतर दोन तासांनी मशीनवर 210 च्या आसपास यायची ती आता 170 च्या आत असते. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात असं डॉक्टरांनी समजावलं. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका हं. आणि इन्शुलिन चालू असलेल्यांनी खिशात साखर ठेवाच, मला एकदा सकाळी उपाशीपोटी चालताना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, चहाच्या गाडीवाल्यानं दोन चमचे साखर तळहातावर ओतली ती तिथंच फुटपाथवर बसून खाल्ली.

*

विद्यापीठात या सकाळी. झाडी, मोर, मोकळी हवा. लई भारी वाटतं.

*

दहा हजार पावलं होत नाहीत म्हणून आमच्या भावानं चालणंच सोडलं, म्हणून लिहितोय. तो आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातनं आलाय, नावाचा अर्थच दहा हजार पावलांचा मीटर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास झाला. वेग कसा ओळखायचा तर चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये.

*

मिस्टर गेल्यावर दीड वर्ष मी घराबाहेरच पडत नव्हते. शेजारच्या काकू रोज पहाटे कडी वाजवायच्या, मी आतनंच आज नको म्हणायची, तरी दुसऱ्या दिवशी परत हजर. एकदा दार उघडलं तर त्या जिना उतरून गेलेल्या, पण माझ्या चपला उंबऱ्याबाहेर सरळ लावून ठेवलेल्या, टोकं रस्त्याकडं. मी बघतच राहिले आणि मग पाय घातले. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दत्ताच्या देवळापर्यंतच गेलो आणि दोघी रडलो. यंदा आषाढीला नंदवाळच्या दिंडीत गल्लीतल्या सहा बायका चाललो, पावसात, पुईखडीला रिंगण बघितलं. गुडघे दुखतात अजून, पण रात्री झोप लागते, आधी गोळीशिवाय लागत नव्हती.

*

सांभाळून चाला एवढंच. आमच्या भागात फुटपाथची फरशी निघालेली, अंधारात पाय मुरगळून पडले, तीन आठवडे घरी. आता उजाडल्यावरच जाते आणि चपलेऐवजी बूट घालते.

*

माझं वजन 94 आहे, वय 38. रंकाळ्यावर सगळे पळणारे बघून लाज वाटते, दोनदा गाडी लावून तशीच परत आले. सुरुवात कुठनं करू?

*

ताई, मी धागा काढणारा. आईला तुमचं वाचून दाखवलं. ती म्हणतेय उद्या सहाला टॉवरपाशी या, तिच्या अंगात हिरवा स्वेटर असेल, आणि पहिल्या दिवशी फक्त दुसऱ्या कट्ट्यापर्यंत जायचं.