तीनशे पानांचे तीन सिनेमे? होऊ द्या की!

गोदाकाठी (४ ऑगस्ट २०१२)

काल दुसऱ्या धाग्यावर 'जुनी पोथी' यांनी फतवा काढला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या दिग्दर्शक पीटर जॅक्सनने ३० जुलैला टॉल्किनच्या 'हॉबिट' या पुस्तकावर दोन नव्हे तर तीन सिनेमे करणार असं जाहीर केलं, त्यावर यांचं म्हणणं असं: तीनशे पानांच्या पुस्तकाचे तीन सिनेमे म्हणजे एका कपात पाणी घालून तिघांना चहा. खऱ्या चाहत्यांनी पहिल्या आठवड्यात थेटरात पाऊल टाकू नये. आणि ज्यांनी पुस्तकच वाचलेलं नाही, त्यांनी तर आत्तापासून नाचू नये. तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून हा वेगळा धागा.

पोथीकाका (वय माहीत नाही, पण सूर काकांचाच आहे), पाणी बाहेरून आणायची गरजच नाही. मिर्कवूड जंगलाच्या तोंडाशी जादूगार गँडाल्फ नायक बिल्बोला आणि बाकी सगळ्यांना सोडून 'मला काम आहे' म्हणून निघून जातो. काम कसलं, तर नेक्रोमान्सर नावाच्या काळ्या जादूगाराला त्याच्या गढीतून हुसकून लावायचं! एवढी मोठी भानगड, आणि पुस्तकात शेवटाकडे चार ओळींत उरकलीय. पुढच्या मोठ्या पुस्तकाच्या, म्हणजे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या, परिशिष्टांत तिचं सगळं सामान पडून आहे. जॅक्सन तेच उचलतोय. आणि बिल्बोच्या सोबतीचे ते तेरा बुटके! मी चार वेळा वाचलंय, तरी टोप्यांचे रंग सोडले तर निम्म्यांना मी रस्त्यात ओळखणार नाही. पडद्यावर निदान तोंडं तरी कळतील.

राहिलं पुस्तकाला हात न लावण्याचं. १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत गोलम हा गुहेतला प्राणी बिल्बोशी लावलेल्या कोड्यांच्या पैजेत आपली जादूची अंगठी बक्षीस म्हणून द्यायला राजी होता. पुढच्या कथेला ते बसेना, म्हणून टॉल्किनने १९५१ मध्ये पाचवं प्रकरणच बदललं. लेखकाला चालतं, आणि तुम्हाला सोवळं?

जुनी पोथी

पहिली दुरुस्ती: मी काका नाही. मावशी म्हणा हवं तर.

दुसरी. १९५१ चं सांगितलंत, १९६० चं सोयीस्कर विसरलात. तेव्हा टॉल्किनने हेच करून पाहिलं होतं. 'हॉबिट' पुन्हा लिहायला घेतलं, मोठ्या पुस्तकासारखं गंभीर, भारदस्त. थोडं लिहून झालं आणि त्यांनीच ते सोडून दिलं. ज्याची गोष्ट त्याला कळलं की हे वजन हिला पेलणार नाही. जॅक्सनला कोण सांगणार?

पाच सैन्यांची लढाई घ्या. पुस्तकात ती थोडक्यात आटोपते, कारण बिल्बोच्या डोक्यात दगड बसतो आणि तो आडवा होतो. जागा होतो तेव्हा सगळं संपलेलं! यातच त्या पुस्तकाची गंमत आहे. आता त्या दगडाचं काय होणार, सांगा. त्याच लढाईवर एक अख्खा भाग निघेल. शिवाय जुन्या सिनेमांतला तिरंदाज लेगोलास, जो 'हॉबिट'मध्ये नाहीच, आणि टॉरिएल नावाची बाई, जी कुठल्याच पुस्तकात नाही.

चौकट४८

तुमचं वाचनालय चालू द्या. खरा प्रश्न सेकंदाला ४८ चौकटींचा, म्हणजे नेहमीच्या दुप्पट चित्रांचा आहे. एप्रिलमध्ये अमेरिकेत थेटरवाल्यांना 'हॉबिट'ची दहा मिनिटं तशी दाखवली, तर बरेच जण म्हणाले टीव्ही मालिकेसारखं दिसतंय. नाशकात ४८ येणार का, कोणाला खबर? इथे गेल्या वेळी मला मिळालेल्या थ्रीडी चष्म्यावर कोणाचं तरी तेलकट बोट होतं. अख्खा सिनेमा वडा खाऊन पाहिल्यासारखा.

द्राक्षबाग

मला या सगळ्याचंच नवल वाटतं. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला, लगेच बिऱ्हाड नाशकात आणलं, 'मोहिनी भस्मासुर' इथे केला. पुढच्या वर्षी शंभर वर्षं होतील. आणि त्यांच्या गावची पोरं न्यूझीलंडच्या जॅक्सनकडे डोळे लावून बसलीत! नाथमाधवांची 'वीरधवल' कादंबरी कोणाला आठवते का? त्यावर तीन भाग काढा, मी तिन्हींची तिकिटं आज काढतो.

गोदाकाठी

फाळक्यांचंच घ्या ना. हरिश्चंद्राची गोष्ट घराघरात पाठ होती, तरी लोक गेलेच. 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच. जॅक्सनने तेरा बुटक्यांना तेरा नट तरी घेतलेत.

सातपूर फर्स्ट शिफ्ट

आम्ही नाचायचं नाही म्हणे. मी पुस्तक वाचलेलं नाही. इंग्रजी मशीनच्या मॅन्युअलपुरतं येतं. तरी पहिला भाग लागणार त्या १४ डिसेंबरची वाट मी पाहतोय. का ते सांगतो.

भारनियमनाच्या दिवसांत जुन्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा भाग केबलवर हिंदीत लागला होता. अंगठी घेऊन निघालेला फ्रोडो त्या भल्या मोठ्या कोळ्याच्या बिळात शिरला, नांगी बसली, त्याचा सोबती सॅम त्याला हलवून हलवून रडतोय, आणि लाइट गेली. आई अंधारातच म्हणाली, "मेला का रे तो पोरगा?" काय सांगणार? अडीच तासांनी लाइट आली तेव्हा तिथे साबणाची जाहिरात.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये लेथवरच्या एका दोस्ताने पुढचं सांगितलं. फ्रोडो मेला, सॅमने अंगठी बोटात घातली आणि राजा झाला. बिनधास्त सांगितलं! मी दीड वर्ष तेच धरून चाललो. पोराला झोपवताना तीच गोष्ट, रोज. पुढे सीडी आणून खरा शेवट पाहिला, तर पोरगं रडायला लागलं, "पप्पा, यांनी चुकीचं दाखवलं." तेव्हा पुस्तक बिघडवलं म्हणून काय दुखतं ते मला माहीत आहे मावशी. फक्त माझं पुस्तक कँटीनमध्ये लिहिलेलं होतं.

जुनी पोथी

गोष्ट गोड आहे, पण माझाच मुद्दा सिद्ध झाला. टॉल्किन भाषेचे प्राध्यापक. त्यांनी आधी भाषा रचल्या, मग त्या बोलणारी माणसं. ते हिंदी डबिंगमध्ये बघणं म्हणजे डब्याचा नुसता वास घेणं.

कॉलेजरोड कट्टा

अगदी बरोबर. आणि हिंदीवाल्यांमुळे इंग्रजीचा एकच शो मिळतो, तोही रात्री साडेदहाचा. आमच्या हौसेची किंमत आम्ही झोपेने मोजायची.

सिडकोकर

हौस? गेल्या खेपेला तुमच्या इंग्रजी शोला मी होतो. अर्धं थेटर खाली सबटायटल वाचत होतं. इंग्रजीचंच सबटायटल, तेही इंग्रजीत! आणि पुढच्या रांगेतला एक जण मैत्रिणीला सगळं मराठीत सांगत होता. आमच्या हिंदी शोला पोरं खुर्चीवर उभी राहून ओरडतात. कोणाला जास्त कळलं?

कॉलेजरोड कट्टा

ओरडणं म्हणजे कळणं असेल तर भाजीबाजारात सगळे पंडितच बसलेत.

सिडकोकर

माझी आई भाजीबाजारात बसते. पुढे बोल.

कॉलेजरोड कट्टा

तसं म्हणायचं नव्हतं. शब्द मागे घेतो. शोच्या वेळेचं मागे घेत नाही.

गोदाकाठी

धागा तीन भागांबद्दल होता हे कोणाला आठवतंय का? असो, मीही घसरतो. मावशी, मोठ्या पुस्तकाच्या परिशिष्टात टॉल्किनने काय मांडलंय? ही सगळी हकिगत 'तांबड्या पुस्तका'त पश्चिमेच्या सामान्य बोलीत लिहिलेली होती, आपण ती फक्त इंग्रजीत आणली. नावंसुद्धा भाषांतरित. म्हणजे तुमची इंग्रजीही डबिंगच झाली!

जुनी पोथी

हा मुद्दा नियमात बसतो, दुर्दैवाने. पण डच आणि स्वीडिश भाषांतरं वाचून टॉल्किन एवढे वैतागले की पुढच्या भाषांतरकारांसाठी नावांची मार्गदर्शिका लिहून ठेवली. म्हणजे डबिंग करा, पण घरचा अभ्यास करून.

चौकट४८

म्हणजे मावशी हरल्या.

जुनी पोथी

हरले नाही, थकले. आता विषय निघालाच आहे तर ऐका. माझी प्रत भावाने मुंबईहून आणलेली. मी शाळेत शिकवत असताना एका हुशार मुलाला दिली. परत आली तेव्हा पुस्तकातला थ्रोरचा नकाशा नव्हता. कातरीने कापलेला, अगदी कडेकडेने, सुबक. तो मुलगा आता बराच मोठा साहेब आहे, रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो. मी आशीर्वाद देते आणि मनात म्हणते, नकाशा दे. पुढे दुसरी प्रत घेतली, ती आजवर कोणाला दिली नाही. त्यामुळे पुस्तकाला कोणी हात लावतो म्हटलं की माझा तोल जातो. सिनेमावाल्यांच्या हातातही मला कातरीच दिसते.

गोदाकाठी

हे आधी सांगितलं असतंत तर मी 'सोवळं' शब्द वापरला नसता. पण टॉल्किनच्या हस्तलिखितावर प्रकाशकाने आपल्या दहा वर्षांच्या मुलाचा अभिप्राय घेतला होता, एक शिलिंग देऊन. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल, असं त्या पोराने लिहून दिलं. वाचूनच नाचा हा तुमचा नियम सातपूरवाल्यांच्या मुलाला लावू नका.

द्राक्षबाग

'वीरधवल'बद्दल कोणीच बोललं नाही. नोंद घेतली आहे.

जुनी पोथी

सातपूर, मुलगा कितवीत आहे?

सातपूर फर्स्ट शिफ्ट

सहावीत. मराठी माध्यम, पण इंग्रजी माझ्यापेक्षा बरं वाचतो. १४ तारीख शुक्रवार आहे, माझी पाळी तीनला सुटते, त्याला घेऊन हिंदीलाच जाणार. राग नसावा.

जुनी पोथी

राग आहे, पण जा. मी पहिल्या आठवड्यात येणार नाही, शब्द दिलाय. दुसऱ्या आठवड्यात इंग्रजीला जाईन आणि दगड कुठे पडला ते मोजून इथे लिहीन. त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत मुलाला माझी प्रत वाचायला देते. घरी न्यायची नाही, आमच्या ओट्यावर बसून वाचायची.

सातपूर फर्स्ट शिफ्ट

तो इथेच बसलाय शेजारी. विचारतोय, नकाशावरची ती चांदण्यात दिसणारी अक्षरं बॅटरी मागून धरली तर दिसतील का? हे त्याला कोणी सांगितलं ते मला विचारू नका, कँटीनवाला दोस्त घरी येतो.

जुनी पोथी

बॅटरी चालत नाही. ज्या ऋतूत, ज्या तिथीला लिहिली, त्याच ऋतूत, त्याच तिथीच्या चंद्रासमोर धरावी लागतात. त्याला म्हणावं, कातर घरी ठेवून ये.