मदत हवी आहे: दर फ्रेमला बदलणारा व्हर्टेक्स बफर, फेन्स लावला की अडकतो

सी++ आणि ओपनजीएल ३.३ (ग्राफिक्स काढण्याचा एपीआय) मध्ये टूडी इंजिन लिहितोय. दर फ्रेमला साधारण १०,००० स्प्राइट (छोटी चौकोनी चित्रं), म्हणजे प्रत्येकी चार कोपरे धरून ४०,००० व्हर्टेक्स (कोपऱ्यांचे बिंदू). एक व्हर्टेक्स २० बाइटचा (जागा, टेक्श्चर कोऑर्डिनेट, रंग), म्हणजे फ्रेममागे ८ लाख बाइट. इंडेक्स बफर (कोणते व्हर्टेक्स कुठल्या क्रमाने जोडायचे ती यादी) एकदाच भरलाय, तिथे काही अडचण नाही.

आधी एकाच व्हर्टेक्स बफरवर (व्हर्टेक्सचा डेटा ठेवायची मेमरी) सबडेटा (त्याच जागी नवा डेटा लिहिणारा कॉल) वापरत होतो. जीपीयू तोच बफर वाचत असल्याने सीपीयू ताटकळायचा. मग ऑर्फनिंग केलं, म्हणजे बफरला डेटाऐवजी नल देऊन जुनी मेमरी सोडायची आणि नवी घ्यायची. माझ्या मशीनवर झकास, जुन्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर मात्र अधूनमधून झटके.

आता तिप्पट मोठा एकच बफर घेऊन त्याचे तीन भाग पाळीपाळीने भरतोय. अनसिंक्रोनाइज्ड फ्लॅगने (जीपीयूची वाट न बघता) मॅप करतो, म्हणजे मेमरी थेट लिहायला उघडतो, आणि ड्रॉ करताना बेस व्हर्टेक्स (कुठल्या व्हर्टेक्सपासून वाचायचं तो आकडा) बदलतो. वेग मिळाला, पण त्या जुन्या मशीनवर स्प्राइट लुकलुकतात. म्हणून प्रत्येक भागाच्या शेवटच्या ड्रॉनंतर फेन्स (जीपीयूचं काम तिथवर संपलं का ते सांगणारी खूण) टाकला आणि तोच भाग पुन्हा भरण्याआधी त्यावर थांबतो. लुकलुक गेली, पण आता जवळपास प्रत्येक फ्रेमला वाट बघावी लागते! व्हीसिंक (फ्रेम स्क्रीनच्या रिफ्रेशशी जुळवणं) बंद आहे, फेन्सवर थांबताना फ्लश बिटही (साठलेल्या कमांड लगेच जीपीयूकडे पाठवायला) दिलाय.

पर्सिस्टंट मॅपिंग (बफर कायम मॅप करून ठेवणं) सुचवू नका, त्याला ४.४ किंवा एक्स्टेन्शन लागतं आणि ते मशीन ३.३ च्या पुढे जात नाही.

तीन भाग कमी पडतायत, की जीपीयूच मागे राहतोय आणि भाग वाढवून फक्त लॅग वाढेल? या दोन्हींतलं नेमकं कोणतं, हे मोजायचं कसं?