रांगतं बाळ आणि गुरगुरणारा लॅब्रॅडॉर

प्रश्न: कुत्रा 3 वर्षांचा, बाळ 10 महिन्यांचं. बाळ जेवणाच्या भांड्याजवळ गेलं की कुत्रा गुरगुरतो. शिकवून सुटेल का?

उत्तर 1: आधी वेगळं ठेवा, मग शिकवा. बंद दाराआड जेवू द्या, भांडं उचलल्यावरच दार उघडा. गुरगुरल्यावर ओरडू नका. तो इशारा दाबलात तर पुढच्या वेळी थेट चावू शकतो.

उत्तर 2: 'सोड' आणि 'जागेवर' या आज्ञा रोज 5-5 मिनिटं शिकवा, बक्षीस चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे. तरी शिकलेला कुत्राही कान दुखत असताना शेपूट ओढली तर चावू शकतो. मोठं माणूस खोलीत नसेल तर मध्ये जाळीचं फाटक हवंच हवं.

उत्तर 3: गुरगुरणं नवीन असेल तर पशुवैद्याला दाखवा. दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा, हळद-मिरची नको, बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.