शुक्रवारची कचेरी, शनिवारची खो-खो आणि घरचा शब्बाथ: वेळेची घडी कशी बसवावी?

ठाणेकर_आई

नमस्कार. आम्ही ठाण्यात राहणारे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातले कुटुंब आहोत. घरात यजमान, सासूबाई, सहावीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा आहे. मी फोर्टातल्या एका कचेरीत हिशेबाचे काम पाहते. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, ज्यात स्वयंपाक आणि कामे करत नाहीत, तो आमच्या घरी मनापासून पाळला जातो आणि तो तसाच पाळला जावा अशी माझीही इच्छा आहे. प्रश्न आहे तो शुक्रवारच्या धावपळीचा आणि शनिवारच्या खेळाचा.

हिवाळ्यात आपल्याकडे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, म्हणजे शब्बाथचा दिवा पावणेसहाच्या आत लागायला हवा. कचेरी सुटते सहाला, आणि फास्ट लोकल मिळाली तरी दारात पोहोचायला तास-सव्वा तास जातो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना ओट्याशी फार वेळ उभे राहणे जमत नाही. मुलाचा तबल्याचा क्लास नेमका शुक्रवारी संध्याकाळी असतो. मुलीची शाळेच्या खो-खो संघात निवड झाली आहे; तिचा सराव शनिवारी सकाळी असतो आणि आंतरशालेय सामनेही बहुधा शनिवारीच होतात. तिच्या बाथ मित्झ्वाची, म्हणजे मुलगी धर्मपालनाच्या वयात येते त्या विधीची, तयारी सुरू आहे. शिवाय मशिदीतल्या (आम्ही सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाला, मशीद म्हणतो) महिला मंडळात मलिद्याच्या, म्हणजे पोहे, गूळ, नारळ आणि फळांच्या आमच्या विधीतल्या नैवेद्याच्या, तयारीची जबाबदारी माझ्याकडे आहे, आणि ती सोडायला माझे मन तयार नाही.

ज्या भगिनींनी नोकरी करून हे सांभाळले आहे त्यांनी स्वयंपाकाचे आणि कामांच्या वाटणीचे नियोजन कसे केले, हे कृपया सविस्तर सांगावे. मुलीच्या खेळाबद्दलही मत द्यावे. ती चपळ आहे, तिला खेळाची ओढ आहे, आणि धर्म म्हणजे केवळ मनाई असे तिला वाटू नये, याची मला काळजी आहे.

अलिबागची_माहेरवाशीण

प्रिय ताई, मी मुंबईत बँकेत नोकरी करून निवृत्त झाले. माझी तिन्ही मुले याच धावपळीत वाढली, म्हणून थोडे अधिकाराने लिहिते.

शब्बाथचा स्वयंपाक शुक्रवारी करायचा असतो ही कल्पना आधी मनातून काढून टाका. शुक्रवारी फक्त भात, चपात्या आणि शेवटची ऊब एवढेच राहिले पाहिजे. बुधवारी बाजार आणि वाटणाची तयारी करावी. गुरुवारी रात्री कोंबडीचा रस्सा करून थंड झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवावा. मसाला मुरल्यामुळे तो शुक्रवारी अधिक चवदार लागतो. आपल्याकडे मांसाच्या रश्श्यात दूध-दही चालत नसल्याने सगळा दाटपणा नारळावर असतो, मात्र नारळाचे दूध गुरुवारी घालू नये. कांदा, आले-लसूण, हळद, कोथिंबीर-मिरचीचे वाटण आणि कोंबडी एवढेच शिजवून ठेवावे. शुक्रवारी सकाळी रस्सा मंद आचेवर गरम करताना पहिले दाट दूध घालावे आणि एक कढ येण्याआधीच आच बंद करावी. असे केले की रस्सा फुटत नाही. कोशेर, म्हणजे आपल्या धर्मनियमांनुसार कापलेली, कोंबडी दर आठवड्याला मिळतेच असे नाही, तेव्हा पापलेट किंवा रावस घ्यावा. मासळी मात्र गुरुवारी करू नये, ती शुक्रवारी सकाळचीच हवी.

किद्दुशच्या, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधीच्या प्रार्थनेच्या, मनुकांचे सरबत, दोन चपात्यांवर घालायचे स्वच्छ वस्त्र, दिव्याची काच पुसणे आणि तेल-वातीची तयारी ही कामे मुलांची असावीत. सासूबाईंना बसून करता येतील अशी कामे आवर्जून द्या: लसूण सोलणे, भाजी निवडणे, मनुका चाळणे. त्यांना विश्रांती हवी असते हे खरे, पण घरच्या शब्बाथमध्ये आपला हात आहे हे समाधान त्यांना त्याहून अधिक हवे असते.

कचेरीचा प्रश्न वर्षभर सारखाच कठीण नाही, हेही साहेबांसमोर मांडा. आपल्याकडे सूर्यास्त साडेसहाच्या आत होतो तो साधारण ऑक्टोबरपासून जानेवारीअखेरपर्यंत. जून-जुलैमध्ये तो सव्वासातच्या सुमारास होतो. म्हणजे मोठी अडचण चार महिन्यांच्या शुक्रवारांची आहे. त्या काळात सोमवार ते गुरुवार लवकर येऊन वेळ भरून द्यायची आणि शुक्रवारी चारला निघायचे, असा लेखी अर्ज करावा. मी तसेच केले होते.

कोकणात आपल्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत, कारण ते तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत. शनिवारी तेल मिळणार नाही हे गावाला ठाऊक होते, आणि गाव शुक्रवारी तेल नेत असे. आपण काय पाळतो हे स्पष्ट सांगितले की आजूबाजूची माणसे सहसा त्याप्रमाणे जुळवून घेतात, असा माझाही आयुष्यभराचा अनुभव आहे.

माध्यमिक_शिक्षिका

मी ज्यू नाही, परंतु अनेक वर्षे शाळेत शिकवते आणि क्रीडा विभागाचे कामही पाहिले आहे, म्हणून शाळेच्या बाजूने दोन गोष्टी सुचवते.

संघाची नावे स्पर्धेसाठी जाण्यापूर्वी क्रीडाशिक्षकांना प्रत्यक्ष भेटा. सामन्याच्या आदल्या दिवशी “आम्हाला शनिवारी जमणार नाही” असे कळले तर त्यांची खरोखर पंचाईत होते, आणि मुलीवर संघातल्या मैत्रिणींचा रोष ओढवतो. वर्षाच्या सुरुवातीलाच कळले तर सराव आठवड्यातल्या दुसऱ्या दिवशी घेता येतो, आणि सामने अनेक दिवस चालणार असतील तर तिला इतर दिवशी उतरवता येते. खो-खोच्या संघात बारा खेळाडू असतात आणि मैदानात नऊ उतरतात, त्यामुळे एका सामन्यापुरती बदली खेळाडू देणे अशक्य नसते. ती स्पर्धेतला प्रत्येक सामना खेळेलच असे मात्र नाही, आणि ही गोष्ट तिच्याशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावी.

दुसरी सूचना सणांबद्दल. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तरी शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत तुमचे सण सहसा नसतात आणि बऱ्याच शिक्षकांना ते ठाऊकही नसतात. रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा उपासाचा दिवस) सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे प्रथम सत्राच्या परीक्षेच्या आसपास येतात. पेसाख (इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेचा सण) मार्च-एप्रिलमध्ये, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. तारखा दर वर्षी सरकत असल्या तरी त्या फार आधीपासून ठरलेल्या असतात. जून महिन्यात वर्गशिक्षकांना सगळ्या तारखांचे एक पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. वेळापत्रक छापून झाल्यावर ते बदलणे मुख्याध्यापकांच्याही हाती राहत नाही.

अश्दोदहून

शालोम. माझे माहेर ठाण्याचे, आता अश्दोदला राहते. इस्रायलमध्ये हा ताण नसेल असे तिकडे अनेकांना वाटते, म्हणून लिहिते.

इकडे शनिवारी शाळा, कचेऱ्या आणि बहुतेक गावांतल्या बसगाड्या बंद असतात, त्यामुळे तुमच्यासारखी शनिवारच्या सामन्यांची ओढाताण फारशी नसते. मुलांचे पोहणे, जुदो, संगीत असे वर्ग बहुधा रविवार ते गुरुवारच्या दुपारी होतात. पण शाळा दुपारी लवकर सुटतात, आणि आई-वडील दोघेही नोकरी करत असतील तर मुलांना एका वर्गातून दुसऱ्या वर्गाला कोणी न्यायचे हा रोजचा प्रश्न असतो. डिसेंबरमध्ये इथे सव्वाचारच्या सुमारास दिवा लावावा लागतो. शाळा शुक्रवारीही दुपारपर्यंत भरते. मुले घरी येऊन जेवली की दिवस संपलाच.

आमच्या घरी कामाची वाटणी कागदावर असते आणि तो कागद फ्रीजच्या दारावर लावलेला असतो. यजमान गुरुवारी रात्री बाजार आणतात आणि शुक्रवारी जमीन पुसतात. मोठा मुलगा शब्बाथची गरम तबकडी (अन्न ऊबदार ठेवणारी विजेची थाळी) दिव्याआधी लावतो आणि तिच्यावर भांडी मांडतो. ताई, तुमच्या प्रश्नात यजमानांच्या वाट्याला कोणते काम आहे ते मला दिसले नाही. मुलाला तबल्याहून आणणे आणि शुक्रवारचा भात लावणे ही कामे त्यांची असायला काय हरकत आहे?

मुलीबद्दल माझे मत वरच्या दोघींपेक्षा किंचित वेगळे आहे. फक्त सामन्यांतून वगळले जाणे हेच तिच्या वाट्याला आले, तर शनिवार तिला जड वाटेल. त्या दिवसाला तिच्या आवडीचे काहीतरी जोडा. आमची मुलगी त्या वयाची असताना दर शनिवारी दुपारी तिच्या मैत्रिणी आमच्याकडे यायच्या. फोन नाही, दूरदर्शन नाही, त्यामुळे पत्ते आणि गप्पा अगदी अंधार पडेपर्यंत चालत. आज ती सैन्यातून सुट्टीवर आली की शुक्रवारी घरी पोहोचण्यासाठी धडपडते.

ठाणेकर_आई

तिघींचेही मनःपूर्वक आभार. यजमानांनी हे सगळे शेजारी बसून वाचले. शुक्रवारचा भात, चपात्यांची कणीक आणि मुलाला ने-आण करणे ही कामे त्यांनी स्वतःकडे घेतली आहेत. त्यांचे काम घरातूनच चालत असल्याने ते शक्यही आहे. तबल्याच्या गुरुजींनी हिवाळ्यापुरता वर्ग मंगळवारी घेण्याचे मान्य केले. कचेरीत ऑक्टोबर ते जानेवारीसाठी अर्ज दिला आहे.

मुलीशी बोलले. शनिवारी खेळायचे नाही हे तिने आधीच मनाशी ठरवले होते. तिला दुःख होते ते संघातून नाव कमी होण्याचे. क्रीडाशिक्षकांना आम्ही सोमवारी भेटणार आहोत आणि बुधवारच्या सरावाची विनंती करणार आहोत. शनिवारी दुपारी मैत्रिणींना घरी बोलावण्याची कल्पना तिला फार आवडली. त्यांच्यात तीन मुली आपल्या समाजाबाहेरच्या आहेत, आणि फोन बाजूला ठेवून यायला त्याही तयार आहेत.

मलिद्याचे काम मी सोडणार नाही, पण फळे चिरणे आणि नारळ खोवणे मंडळातल्या दोन तरुण मुलींकडे सोपवते आहे. पोहे भिजवून गुळात कालवण्याचा अंदाज हाताला कळावा लागतो, तेवढे मी त्यांना शिकवीन.

अलिबागच्या काकू, एक शंका राहिली. मनुकांचे सरबत गुरुवारी करून ठेवले तर शुक्रवारपर्यंत आंबत नाही का?

अलिबागची_माहेरवाशीण

गुरुवारी सरबत करू नका, फक्त मनुका भिजवा. काळ्या मनुका कोमट पाण्यात दोनदा धुऊन, देठ काढून, बुडतील एवढ्याच पाण्यात रात्री झाकून फ्रीजमध्ये ठेवाव्यात. शुक्रवारी सकाळी त्याच पाण्यात हाताने चांगल्या कुस्कराव्यात आणि स्वच्छ मलमलच्या कापडातून पिळून घ्याव्यात. मिक्सर लावला तर बिया वाटल्या जाऊन सरबताला तुरटपणा येतो, म्हणून हातच बरा. साखर घालू नये. हे काम तुमचा तिसरीतला मुलगा सहज करील; त्याला मोठे पातेले द्या आणि जुना सदरा घालायला सांगा, कारण मनुकांचा डाग लवकर निघत नाही.